सत्तेचाळीस आणि बावन्न

दोन्ही टोकांना हिरवे दिवे लागलेले होते आणि तरीही एकही आकडा पलीकडे पोचत नव्हता.

मी प्रयोगशाळेत फरशीवर बसले होते, भिंतीलगतच्या बुटक्या कपाटात डोकं घालून. कपाटात हब होता, म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी. तिच्या पाठीला साबणाच्या वडीएवढा एक राखाडी डबा खोचलेला होता. डब्यातून निघालेली काचेच्या तंतूंची केबल यार्ड ओलांडून तीनशे चाळीस मीटरवर भट्टीच्या केबिनमध्ये जात होती. तिथल्या संगणकाला तसाच दुसरा डबा. संगणकाचं बोलणं प्रकाशात बदलायचं आणि प्रकाशाचं परत संगणकाच्या बोलण्यात, एवढंच त्या दोन डब्यांचं काम.

"मॅडम, गुरुवारी चालत होतं ना?" उमरीकर साहेब माझ्या मागे उभे होते. कारखान्याचे व्यवस्थापक.

"चालत होतं सर. तुमच्यासमोर तीस वेळा चालवून दाखवलं."

"मग तीन दिवसांत काय झालं? कारखाना बंद, भट्टी थंड. उंदीरसुद्धा दसऱ्याला गावी गेले असतील."

"बघते."

"बघा. साडेनऊ झालेत. एक वाजता तपासणीला पुण्याचा माणूस येतोय."

हे सत्त्याण्णव सालचं, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतलं. मी चोवीस वर्षांची होते, औरंगाबादच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला, आणि एकटीने पार पाडायचं हे माझं पहिलं काम होतं. कारखाना पोलाद ओतायचा. भट्टीतलं पोलाद तयार होत आलं की लांब दांड्याच्या चमच्याने त्यातला नमुना काढायचा, तो थंड करून प्रयोगशाळेत न्यायचा. तिथलं यंत्र त्यात कार्बन किती, मँगनीज किती ते सांगायचं. तो आकडा भट्टीपर्यंत परत येईस्तोवर पोलाद तापतच राहायचं, वीज जळतच राहायची. आकडा न्यायला आधी त्यांनी तांब्याची केबल टाकून पाहिली होती. पण भट्टीने जोर धरला की आकड्यांचा चिवडा व्हायचा. म्हणून दर पाळीला दोन माणसं ठेवलेली. एक नमुना घेऊन धावायचा, दुसरा चिठ्ठी घेऊन.

आता चिठ्ठीचं काम काचेची केबल करणार होती. धावणाऱ्या सहांपैकी तिघांना दिवाळीनंतर भंगाराच्या यार्डात हलवायचं ठरलं होतं. कोण तिघं, ते ठरायचं होतं.

हबवर हिरव्या दिव्याच्या शेजारी एक नारिंगी दिवा लागला होता. हिरवा म्हणजे प्रकाश पोचतोय. नारिंगी म्हणजे या दारातून जे येतंय ते हबला मान्य नाही आणि त्याने दार लावून घेतलंय. काचेच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला तरी असं होऊ शकतं. मी ते आधी दोन ठिकाणी पाहिलं होतं, आणि दोनदा पाहिलेलं तिसऱ्यांदा ओळखायला मला क्षणही लागला नाही. डब्यावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"हे काय?" उमरीकर वाकले.

"कुंकू."

ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लॅबची खंडेनवमीची पूजा मारोती करतो."

मारोतराव गायके चिठ्ठीवाल्यांपैकी एक. पन्नाशी ओलांडलेली, पाय मात्र धावपटूचे. त्यांना बोलावलं तेव्हा ते खिशात आपट्याची पानं घेऊनच आले. तीन दिवसांनी भेटणाऱ्या प्रत्येकाला सोनं द्यायचं होतं त्यांना. एक पान त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"घ्या ताई. सोन्यासारख्या ऱ्हा."

मी घेतलं नाही. हात केबलमध्ये होते, हे खरं. पण ते नसते तरी घेतलं असतं असं नाही.

"ह्या डब्याला हात कुणी लावला?" उमरीकरांनी विचारलं.

"म्या लावला साहेब. पूजा केली ना."

"नुसतं कुंकू लावलं?"

"नाही. उतरवून केली. खंडेनवमीला हत्यार कामावर ठेवून पूजत नाहीत साहेब. खाली उतरवायचं, पाटावर मांडायचं, एक दिवस इसावा द्यायचा. सगळ्याचंच तसं केलं. सांडशी, चमचे, काटा..."

"केबल काढल्या?"

"काढल्याबिगर उतरंल कसं? परत लावल्या की जशाच्या तशा."

"मारोती," उमरीकरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, "या केबलमुळे कुणाचं काम जाणार आहे, हे तुला माहीत आहे?"

मारोतरावांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"त्याचा ह्याच्याशी काय..."

"बाहेर थांब." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमचं काय मत?"

मी त्या वेळी जे बोलले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "सर, काचेचं तोंड उघडं करून कुंकू उधळलं तर बिघडणारच. अजाणता केलं की मुद्दाम, ते मी सांगू शकत नाही. पण बिघाड याच हाताने झालाय."

मारोतराव अजून दारातच होते. त्यांनी ते ऐकलं. आपट्याचं पान खिशात ठेवलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

"निलंबनाचं पत्र टाइप करायला सांगतो," उमरीकर म्हणाले. "तपासनीस यायच्या आत हातात देतो, नाहीतर इथेच घुटमळत राहील. तुम्ही साफ करून घ्या."

निलंबन म्हणजे घरी. पुढची चौकशी कागदापुरती, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी साफ करायला बसले. केबलची दोन तोंडं काढली, औषधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसली, डब्यातल्या दोन भोकांत बारीक काडी फिरवली. लावलं. हिरवा. नारिंगी. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. नारिंगी. भट्टीच्या केबिनमध्ये गेले, तिकडचं टोक पुसलं. परत आले. नारिंगी. पावणेअकरा.

तिसऱ्यांदा यार्ड ओलांडताना रफिकभाई आडवे आले. भट्टी त्यांच्या ताब्यात. कारखान्यात पोलादाचा रंग बघून कार्बन सांगणारा एकच माणूस, असं त्यांच्याबद्दल बोलत.

"मॅडम, चौथी फेरी की तिसरी? मारोतीला बसवलं आन् तुम्हीच धावायला लागल्या."

"रफिकभाई, मला चेष्टा सुचत नाही आत्ता."

"मलाबी नाही. बावीस साल झाले त्याची चिठ्ठी वाचतोय मी. एक दफा आकडा चुकला न्हाई, एक दफा कागद भिजला न्हाई. पावसात पोटाशी धरून आणतो. तो माणूस तुमचा डबा खराब करंल?"

"खराब केला असं नाही म्हणाले. खराब झाला म्हणाले."

"साहेबाला दोन्ही एकच ऐकू येतं, मॅडम."

ते भट्टीकडे वळले. ती पेटवायची वेळ झाली होती.

परत आल्यावर मी चौथ्यांदा पुसायला घेणार होते. केबल काढली की डब्याच्या भोकांना आणि केबलच्या तोंडांना रबरी टोप्या घालायच्या, हा माझा नियम. गुरुवारी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना उभं करून मी तो ऐकवला होता. कधी काढावं लागलंच तर आधी टोप्या. फुंकर मारायची नाही, बोट लावायचं नाही. टोप्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन्हीकडे खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या. सकाळपासून घाईत मी त्या वापरल्याच नव्हत्या. स्वतःचाच नियम मोडून मी साफसफाई करत होते.

पिशवी काढली, टोप्या तळहातावर ओतल्या. चार.

त्यांतल्या दोन टोप्यांवर बाहेरून कुंकू होतं.

मी एक टोपी उलटी केली. आत स्वच्छ. दुसरी उलटी केली. आत स्वच्छ. भिंग घेऊन पाहिलं. एक कण नव्हता. म्हणजे मारोतरावांनी केबल काढली, आधी डब्याला टोप्या घातल्या, मग पाटावर ठेवून कुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी टोप्या काढून केबल लावली आणि टोप्या मोजून पिशवीत परत टाकल्या. गुरुवारी मी बोलत होते तेव्हा ते दारात उभे होते, हातात चिठ्ठीचा कागद घेऊन. मी त्यांच्याकडे बघून बोललेसुद्धा नव्हते. माझा नियम त्या कारखान्यात फक्त त्यांनी पाळला होता.

मग काच घाण नव्हतीच. तीन फेऱ्या मी स्वच्छ काच पुसत होते.

मी व्हरांड्यात गेले. आत टाइपरायटर वाजत होता. मारोतराव बाकावर सरळ बसले होते, हात मांड्यांवर.

"मारोतराव, शुक्रवारी तुम्ही नेमकं काय काय केलं, पहिल्यापासून सांगता?"

"सांगितलं की ताई साहेबांना."

"त्यांनी पुरतं ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. मला सांगा."

मग त्यांनी सांगितलं. सावकाश, एकेक पायरी, चिठ्ठी वाचल्यासारखं. टोप्या घातल्या. खिटी सरकवली. डबा काढला.

"मग तो घेऊन भट्टीकडं गेलो, तिकडचाबी काढला..."

"तिकडचाही?"

"मग? जोडी हाय ना ती. एकाला पुजायचं आन् दुसऱ्याला उपाशी ठेवायचं? दोन्ही आणले, हितं एका पाटावर ठेवले. शनवारी सोनं वाहिलं आन् लावून टाकले परत. एक हितं, एक तिकडं."

"कुठला इथे?"

"आँ?"

"दोन्हींतला कुठला डबा इथे लावला आणि कुठला तिकडे?"

मारोतराव गोंधळले. पहिल्यांदाच.

"ताई, दोन्ही सारखेच हायेत. केबलला तुम्ही निळी-काळी पट्टी लावली, ती बघून बरोबर लावली. डब्याला काय खूण नव्हती."

मी आत आले. खिटी सरकवली, डबा हबपासून सोडवला आणि भिंतीच्या बाजूला असलेली त्याची कड उजेडाकडे केली. तिथे टाचणीच्या डोक्याएवढी एक कळ असते. संगणकाला लावायच्या डब्यात ती चालू ठेवायची. मग प्रत्येक निरोपानंतर डबा संगणकाला एक ठोका देतो, मी जागा आहे म्हणून. हबच्या डब्यात ती बंदच हवी. हबला तो ठोका कळत नाही. त्याला वाटतं समोरून कुणीतरी मध्येच बोलतंय. असं पुन्हापुन्हा झालं की तो दार लावून घेतो आणि नारिंगी दिवा लावतो.

कळ चालू होती.

कळीखाली क्रमांक कोरलेला होता. शेवटचे दोन आकडे, बावन्न. मी पिशवीतून वही काढली. गुरुवारच्या पानावर माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून: हब, सत्तेचाळीस, कळ बंद. भट्टी, बावन्न, कळ चालू.

वहीत सगळं होतं. डब्यावर काहीच नव्हतं.

टाचणीने कळ खाली ओढायला एक सेकंद लागला. डबा लावला, हब बंद करून पुन्हा चालू केला. हिरवा लागला. मी नारिंगीची वाट बघत दहा मोजले, वीस मोजले. तो लागला नाही. टेलिफोनवर रफिकभाईंना म्हटलं, पडद्यावर बघा. मी इथून एक ओळ पाठवली.

"आलं," ते म्हणाले. "एक दोन तीन चार लिहिलंय. बरोबर?"

"बरोबर."

"मारोतीला सांगा."

टाइपरायटर थांबला होता. मी उमरीकरांच्या खोलीत गेले. पत्र त्यांच्या पुढ्यात होतं, सहीपुरतं.

"चालू झालं सर."

"शाबास! काय होतं? कुंकूच ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी हो म्हटलं असतं तर ते खोटं आहे हे त्या कारखान्यात कुणालाही कळलं नसतं. कुंकू सगळ्यांनी माझ्या बोटावर पाहिलं होतं. कळ मी एकटीनेच पाहिली होती. मारोतरावांनासुद्धा आपण नेमकं काय केलं ते माहीत नव्हतं.

"नाही सर. दोन डबे बाहेरून एकसारखे आहेत, आतून वेगळे बसवलेले आहेत. ते अदलाबदल झाले. मी त्यांवर खूण केली नव्हती. कुणीही उतरवले असते, उद्या तुमच्या इलेक्ट्रिशियनने उतरवले असते, तरी हेच झालं असतं."

"पण उतरवले त्याने."

"उतरवले. आणि काच मी सांगितलं होतं तशी झाकली. आज सकाळी मी स्वतः तेवढी काळजी घेतली नाही."

उमरीकर खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, पुढच्या दोन शेडचं काम तुमच्याच कंपनीला द्यावं असं माझ्या मनात आहे. तुमचा रिपोर्ट वर मालकांकडे जाणार. बसवणारीची चूक, असं त्यात लिहून कुणी पाठवतं का?"

"जे झालं ते लिहीन."

"आणि ह्या पत्राचं मी काय करू? टाइप झालंय."

"नाव बदलावं लागेल सर. त्या जागी माझं घाला."

ते हसले नाहीत. पत्र उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूवर दुपारच्या जेवणाची माणसं मोजायला लागले. "मारोतीला म्हणावं, दोन वाजता नमुना त्यानेच आणायचा. नमुन्याचा तो पोरगा सावकाश चालतो."

तपासनीस एकला दहा मिनिटं असताना आला. जोगळेकर नावाचा बारीक, अबोल माणूस, गळ्यात स्वतःचं घड्याळ. दोन वाजून पाच मिनिटांनी रफिकभाईंनी चमचा भट्टीत घातला. नमुना साच्यात पडला, पाण्यात चरचरला, सांडशीत आला आणि मारोतराव निघाले. मी केबिनमध्ये जोगळेकरांच्या शेजारी उभी होते. यार्डातून जाणारी ती आकृती दिसेनाशी झाली. जोगळेकरांनी घड्याळ दाबलं.

पडद्यावर आकडे उमटले. कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, एकाखाली एक.

"मँगनीज कमी," रफिकभाई म्हणाले आणि फावडं उचललं.

मिश्रण टाकून ते वळतात तोच दारात मारोतराव. घामाघूम, हातात चिठ्ठी पोटाशी धरलेली. चिठ्ठी आणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांची सवय, पाय आपोआप परत फिरले असावेत. पडद्याकडे लक्ष गेल्यावर ते थबकले. चिठ्ठी मागे लपवायला लागले.

"आण इकडं," रफिकभाईंनी हात पुढे केला. चिठ्ठी उघडली, पडद्याशेजारी धरली, एकेका ओळीवरून बोट फिरवलं. "सेम टु सेम."

"दोन्ही कशाला?" जोगळेकरांनी विचारलं. आल्यापासूनचा त्यांचा हा पहिलाच प्रश्न.

"नवी सून हाय साहेब," रफिकभाई म्हणाले. "चार दिवस सासू शेजारी उभी ऱ्हाते."

जोगळेकरांनी दोन्ही आकडे आपल्या कागदावर उतरवले आणि खाली सही केली.

साडेतीनला मी सामान आवरत होते. भट्टीकडच्या डब्याची कळ बदलून झाली होती. राहिल्या होत्या खुणा. माझ्या पिशवीत चिकटपट्टी होती ती निळी आणि काळी, आणि ते रंग केबलला वापरून झालेले. मारोतराव दारात उभे होते.

"ताई, खूण करायची ना?"

"हो. रंग शोधतेय."

ते कोनाड्याकडे गेले. पूजेचं तबक अजून तिथेच होतं, झेंडूची फुलं सुकलेली. त्यांनी बोट तेलात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि थांबले.

"कुठल्याला कुठलं?"

"तुम्हीच सांगा. तुमच्या लक्षात राहायला हवं."

त्यांनी विचार केला. "भट्टी पिवळी. तिकडच्याला हळद. ऱ्हायलं कुंकू, ते हितल्याला."

हबच्या डब्यावर त्यांनी ठळक लाल टिकली लावली. आम्ही दोघं भट्टीकडे चालत गेलो, आणि तिकडच्या डब्यावर पिवळी. वाळल्यावर मी वरून पारदर्शक पट्टी चिकटवली. परतताना मी त्यांना म्हटलं, "मारोतराव, सकाळचं ते पान आहे का अजून?"

त्यांनी खिसे चाचपले. "हाय. पर मोडलंय ताई."

"चालेल."

त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. सोन्यासारख्या राहा, हे दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. बिघाडाचे कारण: बसवणाऱ्या अभियंत्याने दोन्ही डब्यांवर ओळखखूण केली नव्हती. आमच्या कंपनीतल्या साहेबांनी तो वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पाठवून दिला. पुढच्या दोन शेडचं काम आम्हालाच मिळालं. दिवाळीनंतरच्या यादीत मारोतरावांचं नाव नव्हतं. नमुना न्यायला माणूस लागणारच होता, आणि रफिकभाईंनी तो स्वतः निवडला.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात. हबच्या बाजूला लाल आणि पलीकडच्या टोकाला पिवळी टिकली, हा आमचा पहिल्या दिवशीचा पाठ. नवीन मुलं विचारतात, हे कुठल्या नियमावलीत आहे? मी सांगते, जालन्याच्या.

आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. गुरुवारच्या पानावर सत्तेचाळीस आणि बावन्न, दोन्ही आकडे खोडून एकमेकांच्या जागी लिहिलेले आहेत. डबे मारोतरावांनी जिथे लावले होते तिथेच मी राहू दिले.